ठिपक्याखालचं पाणी

जामसंड्याच्या बाजारातून काल तुम्ही दोन गोष्टी आणल्यात: एक नारळ आणि पाच मीटरची यूएसबी वायर. नारळ काकांनी सांगितला म्हणून, वायर तुमच्या हट्टापायी. आज मंगळवार, १७ डिसेंबर २०१९. देवगड बंदरातून विजयदुर्गापर्यंत शिडाच्या होडीनं जायचंय, उत्तरेकडे दहा-अकरा सागरी मैल. एवढ्याशा प्रवासाला लॅपटॉप कशाला, हे काकांनी एकदाच विचारलं, उत्तर ऐकून घेतलं आणि नांगराची दोरी गुंडाळायला लागले.

काका देवगडचे. सगळं आयुष्य तांडेलकीत गेलं, आता गुडघे कुरकुरतात म्हणून ट्रॉलरवर जात नाहीत. तुमचं आजोळ जामसंड्याचं, पण आजोळाकडून आलेलं ज्ञान आंब्याच्या कलमांचं आहे, पाण्याचं नाही. होडी मित्राची, तीस फुटी, फायबरची, गोव्याहून मुंबईला चाललेली. मधला एक टप्पा तुम्ही मागून घेतलाय.

लॅपटॉप मुद्दाम जुना घेतलाय. खाऱ्या हवेत नवा कोण नेईल? केबिनमधल्या फळीवर तो दोरीनं करकचून बांधलाय. इन्व्हर्टर लावलेला नाही, कारण बॅटरीचे १२ व्होल्ट २३० करायचे आणि चार्जरनं ते पुन्हा १९ वर आणायचे, यात वीज नुसती गरम होऊन जाते. त्याऐवजी गाडीत लावतात तसला कन्व्हर्टर आहे. लॅपटॉप ५० वॅट खातो, म्हणजे साधारण चार अँपिअर. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हिशेबानं बारा तास. काकांच्या होकायंत्राला यातलं काही लागत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलेलं नाही.

जीपीएस रिसीव्हर म्हणजे काळी, गोल, पेढ्याएवढी वस्तू. तिला मोकळं आभाळ लागतं, म्हणून ती लांब वायरीनं बाहेर छपरावर चिकटवलीय. लॅपटॉप सुरू केलात आणि पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा उड्या मारायला लागला. मेनू आपोआप उघडले, फायली निवडल्या गेल्या. घाबरू नका, हा दर्यावर्दी लॅपटॉपांचा जुना रोग आहे. विंडोज जागं होत असताना रिसीव्हर आधीपासून बडबडत असला, तर विंडोज त्याला जुन्या पद्धतीचा सीरियल माउस समजतं आणि उपग्रहांच्या आकड्यांवर बाण नाचवतं. वायर काढा, यंत्र पूर्ण उठू द्या, मग लावा.

आता ओपनसीपीएन उघडा. हा फुकट मिळणारा, जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलेला प्रोग्राम. नकाशावर होडीची लहानशी आकृती उमटते. तिच्यामागे दर सेकंदाला एक ओळ पळत असते. तुम्हाला ती पाहायची हौस आहे म्हणून वेगळ्या चौकटीत उघडून ठेवलीय: डॉलरचं चिन्ह, जीपीआरएमसी ही अक्षरं, वेळ, मग 'ए' किंवा 'व्ही' हे एक अक्षर, मग अक्षांश, रेखांश, वेग, दिशा आणि त्यानंतर सहा आकड्यांत तारीख. 'ए' म्हणजे जागा पक्की, 'व्ही' म्हणजे भरवसा धरू नका. आत्ता 'ए' आहे. १६ अंश २३ मिनिटं उत्तर, ७३ अंश २२ मिनिटं पूर्व.

उजाडताना निघता. काकांनी नाळेवर नारळ फोडलाय. मतलई वारा आहे, जमिनीवरून येणारा, गार आणि थोडा धुराचा वास असलेला. सड्यावर कलमांना मोहोर धरतोय. किल्ल्याचं टोक आणि त्यावरचं दीपगृह मागे सरकतं. पडद्यावर त्याच जागी दीपगृहाचं चिन्ह, भोवती खोलीचे आकडे, मधूनमधून बारीक अक्षरं: एम म्हणजे चिखल, एस म्हणजे रेती, आर म्हणजे खडक. नकाशा लहान केलात तर पश्चिमेला, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर, भर समुद्रात एक उथळ पट्टा दिसतो. नाव लिहिलंय 'आंग्रिया बँक'. पाण्याखालचं प्रवाळ आहे ते. ज्या आंग्र्यांना ईस्ट इंडिया कंपनीचे कागद चाचे म्हणत आले, त्यांचं नाव कंपनीच्याच परंपरेतल्या नकाशावर बसून राहिलंय.

"तुमचो डबो काय म्हणता?" काका सुकाणूवरून विचारतात.

"म्हणतो, आपण इथं आहोत."

"बरोबर असा. पण पाण्याखालचो खडक दिसता काय तेका?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर काळात मागे जावं लागेल. सोय रिसीव्हरनंच केलीय.

साडेनऊला दहा कमी असताना वारा पडतो. मतलई संपली, खारा वारा अजून उठलेला नाही. शीड लोंबतं. फणसे, पडवणे ही गावं मागे गेलीत, गिर्ये गावाच्या सड्यावरच्या पवनचक्क्याही थांबल्यात. काही करायला नाही म्हणून तुम्ही ती पळणारी ओळ वाचता. सगळं ठीक आहे, फक्त तारखेचे सहा आकडे: ०२०५००. दोन मे दोन हजार.

यात चमत्कार नाही. जीपीएसचे उपग्रह वर्ष सांगत नाहीत, आठवड्याचा क्रमांक सांगतात. ६ जानेवारी १९८० पासून मोजणी सुरू झाली आणि त्या आकड्याला जागा ठेवली फक्त दहा बिटांची. दहा बिटांत १०२४ आठवडे मावतात, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोडं अधिक. मग गणती पुन्हा शून्यापासून. पहिलं शून्य ऑगस्ट १९९९ मध्ये आलं, दुसरं एप्रिल २०१९ मध्ये. नवे रिसीव्हर हे ओळखून घेतात. तुमचा जुना आहे. त्याला जागा अचूक कळते, पण काळ १०२४ आठवडे मागचा वाटतो. आजच्या मंगळवारातून तेवढे आठवडे वजा केले की येतो २ मे २००० चा मंगळवार.

त्या तारखेवर विश्वास ठेवा.

हवा एकदम जड होते. डिसेंबरचा गारवा जातो, मे महिन्याचं पांढरं ऊन शिडावर बसतं. सुकाणूवर काकाच आहेत, पण मिशा काळ्या, आणि पाय वल्ह्यासारखे सरळ. किनाऱ्यावर मोहोर नाही. आंबा उतरतोय. तिकडे जामसंड्यात या घटकेला लाकडी पेट्यांत पेंढा घालून आंबे रचले जात असतील, आणि वाशीच्या ट्रकसाठी आजोळच्या सगळ्या माणसांची तारांबळ उडाली असेल.

पडदा बघा. होडी जागची हललेली नाही, वारा नाही, तरी पडद्यावर ती भटकतेय. पन्नास मीटर पूर्वेला जाते, वळते, ऐंशी मीटर वायव्येला. मागे वेडीवाकडी रेघ सोडते. वेग दाखवते एक नॉट, दीड नॉट. ही बिघाडानं होणारी चूक नाही. अमेरिकेचं संरक्षण खातं नागरिकांना मिळणाऱ्या संकेतात ती मुद्दाम मिसळतं, शंभर मीटरांपर्यंत. त्यांचं सैन्य नेमकं राहावं, बाकीच्यांनी अंदाजानं राहावं. शंभर मीटर म्हणजे देवगड बंदराच्या तोंडाशी पाणी की कातळ, एवढा फरक.

आता घड्याळाकडे लक्ष द्या. वॉशिंग्टनमध्ये १ मेची मध्यरात्र होतेय, इथे सकाळचे साडेनऊ. ठिपका एकदा उजवीकडे झोकांडी खातो आणि थांबतो. वेग शून्य. रेघ संपली. क्लिंटन सरकारनं ही मिसळलेली चूक आज बंद केली. दर्यावरच्या एका माणसानंही बोट हलवलेलं नाही, आणि जगातली जीपीएस असलेली प्रत्येक होडी एका मिनिटात दहापट नेमकी झाली. ज्याला एका खोलीत बसून हे चालू करता येतं त्याला बंदही करता येतं, हे आपल्या देशाला वर्षभर आधी कारगिलच्या वेळी जाणवलं होतं, असं सांगतात. आपला स्वतःचा पहिला दिशादर्शक उपग्रह मात्र १ जुलै २०१३ लाच वर गेला. तुमच्या काळ्या पेढ्याला त्याची भाषा येत नाही, ती गोष्ट वेगळी.

आणखी १०२४ आठवडे मागे. १६ सप्टेंबर १९८०. पावसाळा सरतोय, लांबलांब, मातकट लाटा. अशा पाण्यात उभं राहायची हौस नको, पण एक बघून घ्या. उपग्रहांच्या यादीत पूर्वी दहा-अकरा दांड्या उभ्या होत्या, आता दोन, मग एक. पहिला उपग्रह चढला २२ फेब्रुवारी १९७८ ला. आत्ता वर जे मोजके आहेत त्यांचा जमाव अमेरिकेतल्या वाळवंटावर जमेल अशी आखणी आहे, कोकणावर नव्हे. जागा काढायला निदान चार लागतात: तीन अंतरांसाठी आणि चौथा तुमच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. सगळा खेळ वेळेचा आहे. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो, त्यामुळे घड्याळ किंचित चुकलं तरी होडी डोंगरावर. ओळीतलं 'ए' जातं, 'व्ही' येतं. होडीची आकृती करडी पडते.

इथून पुढे आठवडे मोजायला वर कुणी नाही, म्हणून घसरण बेहिशेबी होते. सुकाणूवरचा माणूस बदलत जातो. बोली तीच राहते.

ठिपका गेला तरी नकाशा आहे, असं तुम्ही स्वतःला समजावता. पण तोही उतरायला लागलाय. आधी कोपऱ्यातलं देहरादूनचं नाव जातं, कारण नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय तिथे गेलं १९५४ मध्ये. खोली मीटरांत होती, ती वावांत होते, सहा फुटांचा एक वाव. मग मागे वळून देवगडकडे पाहता तर किल्ल्यावर दीपगृह नाही. ते १९१५ चं. त्याआधी रात्री या टोकाला शोधायचं तर चांदणं हवं, नाहीतर कुणाच्या घरातला दिवा. देवगडच्या दक्षिणेला कुणकेश्वराच्या देवळाची एक कथा इथे सगळ्यांना ठाऊक असते: वादळात सापडलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, त्यानं वाचलो तर देऊळ बांधीन असा नवस केला आणि तो फेडला. कथा खरी किती ते सोडा. पण ती एका दिव्याभोवती रचली गेली, यावरून रचणारे लोक दर्यावरचे होते हे कळतं.

१८८० चं गॅझेटियर उघडलंत तर देवगडबद्दल लिहिलेलं सापडेल: चारी बाजूंनी जमिनीनं वेढलेलं, सदैव शांत बंदर, सरासरी अठरा फूट पाणी, किल्ल्याच्या टोकाला लागून तीन केबल रुंदीचं तोंड. तीन केबल म्हणजे साडेपाचशे मीटर. बंदर खरंच तसं आहे. पण त्या सुमाराला ते पृथ्वीवर नेमकं कुठे होतं? १८७० च्या दशकात तारायंत्रामुळे लांबलांबच्या ठिकाणांची वेळ क्षणात ताडून पाहता यायला लागली, तसे रेखांश नव्यानं काढले गेले. तेव्हा दिसलं, की मद्रास वेधशाळेच्या ज्या रेखांशावर देशाचा सगळा नकाशा टांगला होता, तो सुमारे अडीच मिनिटांनी जास्त धरला गेला होता. या अक्षांशावर अडीच मिनिटं म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर. अख्खा देश एकसारखाच सरकलेला असल्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. सर्व्हे खात्यानं नकाशांच्या कडेला 'इतकं वजा करा' असं छापून काम चालवलं. आज उपग्रहाकडून घेतलेली जागा त्या नकाशावर तशीच मांडली, तर जामसंड्याच्या कलमांत लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस देवगडच्या समुद्राकडे सरकतो.

पडद्यावरचा असा नकाशा, म्हणजे चार्टप्लॉटर, वापरणारे हे विसरतात. ठिपका उपग्रहांचा असतो आणि नकाशा कुणाचा तरी असतो, कधीतरी काढलेला. कुणाच्या पेन ड्राइव्हवरून आलेला, सालाचा पत्ता नसलेला नकाशा लॅपटॉपमध्ये घालून लोक खाडीत शिरतात आणि होडी डोंगरावर चढलेली पाहून हसतात. होडी डोंगरावर दिसली तर उत्तम, निदान चूक कळली. ती पाण्यात, पण चुकीच्या पाण्यात दिसली, की पंचाईत. आताच्या रीतसर नकाशांत सर्वेक्षण किती विश्वासाचं, याच्या श्रेण्या लावलेल्या असतात. नकाशावर टिचकी मारली की त्या उघडतात. शंभरातले किती जण मारतात, देव जाणे.

१८५० चं दशक. इथे थांबा, घाई नको.

हिवाळ्यातली सकाळ, गिर्येसमोरचं तेच पाणी. तुम्ही एका उघड्या वल्ह्यांच्या होडीत आहात. कंपनीच्या इंडियन नेव्हीची जहाजं हा किनारा मोजतायत. या कामातला एक अधिकारी, आल्फ्रेड डंडास टेलर, पुढे १८७४ मध्ये कलकत्त्यात सागरी सर्वेक्षणाचं खातं निघेल त्याचा पहिला प्रमुख होईल. तुमच्या होडीतला साहेब तो नव्हे, त्याच्यासारखाच कुणी तरुण, उन्हानं नाक सोललेला. त्याच्या हातात सेक्स्टंट आहे, पण तो सूर्याकडे रोखलेला नाही. यंत्र आडवं धरून तो किनाऱ्यावरच्या तीन खुणांमधले दोन कोन घेतोय. डावीकडची टेकडी आणि मधला पांढरा बावटा, बावटा आणि उजवीकडचं कातळाचं टोक. दोन कोन मिळाले की होडीची जागा कागदावर एकाच ठिकाणी बसते. हा तुमच्या ठिपक्याचा आजा. याला आठवडे मोजावे लागत नाहीत, पण धुकं चालत नाही.

पाहायचं ते पुढे नाळेजवळ आहे. तिथे एक खलाशी उभा आहे, याच किनाऱ्याचा. कमरेला दोर बांधून अर्धा बाहेर झुकलाय. हातात शिशाचा लांबट गठ्ठा, तीन-चार किलोंचा. तो पुढे झोकतो, होडी त्यावरून जाईपर्यंत दोरी सरळ उभी होते, तेव्हा हिसका देऊन तळ जोखतो. दोरी हातात घेऊन बघा. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन. पाचवर पांढऱ्या सुती कापडाची चिंधी, सातवर लाल लोकरीची, दहावर भोक पाडलेला चामड्याचा तुकडा. रंग दिवसासाठी. रात्री बोटांना सूत, लोकर आणि चामडं वेगळं लागतं. पार अंधार असेल तर जिभेला लावूनही कळतं.

"सात वाव!" तो ओरडतो. शिसं वर घेऊन उलटं करतो. बुडाला खळगा आहे, त्यात चरबी भरलीय. चरबीला काळपट ओलं काहीतरी चिकटून आलंय. तो बोटांनी चोळतो, हुंगतो. "चिकल!" साहेब वहीत ७ लिहितो, शेजारी एम. खलाशी चरबी पुसतो, नवी थापतो, पुन्हा झोकतो. "सात वाव!" पुन्हा. "सव्वासा! रेती!" वहीत एस. आज सकाळी तुमच्या पडद्यावर बारीक निळसर अक्षरं दिसत होती ना, तीच ही. नकाशाच्या मथळ्यात साहेबाचं नाव येईल. झोकणाऱ्याचं येणार नाही.

दुपारपर्यंत होडी एक रेघ पुरी करते, वळते, आणि पहिल्या रेघेला समांतर दुसरी धरते. मधे अंतर आहे. वल्हेकऱ्यांचे हात आणि मोसमाचे दिवस मोजूनच ते ठरलेलं असतं. त्या अंतराएवढ्या पाण्यात शिसं पडलेलंच नाही. तिथे दहा फुटी कातळाचं एखादं टोक उभं असेल तर ते कुठल्याच आकड्यात येणार नाही. नकाशा छापताना मात्र तो पट्टा कोरा राहिला म्हणून कुणी तिथे 'माहीत नाही' लिहीत नाही. कोरी जागा स्वच्छ पाण्यासारखी दिसते. पुढे ध्वनीनं खोली मोजणारी यंत्रं आली, बंदरं आणि जलमार्ग पुन्हा तपासले गेले, आता तर पट्टेच्या पट्टे एका फेरीत मोजणारी जहाजं आहेत. तरी जगभरच्या कमी वापराच्या किनाऱ्यांवर शिशाच्या दोरीचे आकडे अजून नकाशात आहेत, आणि त्यांवर तीन मीटरपर्यंत नेमका ठिपका फिरतो.

या खलाशाला तुम्ही विचारता, दोन रेघांच्या मधे काय आहे? तो हसतो. साहेबाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं हनुवटीनं आग्नेयेकडे खूण करतो.

"थंय खडक असा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"माका कोणी इचारल्यान?"

आता शेवटची घसरण. पडद्यावरचे आकडे एकामागून एक विझतात, एम, एस आणि आर जातात, किनाऱ्याची रेघ जाडीभरडी होते. पश्चिमेचं 'आंग्रिया बँक' हे नाव पुसलं जातं, कारण आंग्रे अजून आठवणीत गेलेले नाहीत, ते समोर आहेत. बॅटरी तीन टक्के. डिसेंबर १७५५, रात्र, विजयदुर्गाचं तोंड. इंग्रज याला घेरिया म्हणतात, शेजारच्या गिर्ये गावावरून.

तुम्ही मासेमारीच्या एका लहान होडीत आहात. सुकाणूवरचा तांडेल हडकुळा, म्हातारा, काकांच्याच हनुवटीचा.

"खयचो रे तू?"

"जामसंड्याचा."

"जामसंड्याचो माणूस दर्यात काय करता?" यावर तुमच्याकडे धड उत्तर नाही.

उत्तरेला ध्रुव दिसतोय, क्षितिजापासून सोळा अंशांच्या आसपास. हात लांब धरला तर दीड मुठीहून जरासा वर. लांब पल्ल्याचे अरब आणि कच्छी नाखवे गाठी मारलेल्या दोरीची लाकडी पट्टी डोळ्यासमोर धरून हीच उंची मोजतात आणि तिच्यावरून कुठल्या बंदराच्या समोर आलो ते ओळखतात. तेव्हा हा तारा आजच्याइतका नेमका ध्रुवावर नव्हता, दोनेक अंश बाजूला होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं. या म्हाताऱ्याला त्याची गरज नाही. किनारा नजरेआड होईल इतका तो जातच नाही. किल्ल्याचा बुरूज आणि मागची टेकडी एका ओळीत आली की तो वळतो, टेकडी बुरुजाबाहेर डोकावली की थांबतो. आत तुळाजी आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं नांगरून पडलीत, डोलकाठ्यांचं रान दिसतंय.

बाहेर, तोफेच्या टप्प्याच्या कडेला, एक मोठं जहाज उभं आहे. ते 'प्रोटेक्टर'. कमोडोर विल्यम जेम्स. याच वर्षी एप्रिलमध्ये त्यानं सुवर्णदुर्ग घेतलाय. आता मुंबईहून त्याला हा किल्ला जवळून बघायला पाठवलंय, कारण मुंबईतल्या एकाही इंग्रजानं तो नीट पाहिलेला नाही. पाणी किती, जहाजं तटाला किती भिडवता येतील, हे त्याला हवंय. परत जाऊन तो सांगेल की ही जागा लोक म्हणतात तितकी अवघड नाही. ७ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह मुंबईहून निघतील, ११ ला इथे पोचतील, १२ ला आंग्र्यांचं आरमार याच पाण्यात जळेल आणि १३ ला किल्ला पडेल. जमिनीच्या बाजूनं पेशव्यांची फौज उभी असेल. आपलंच आरमार परक्याकडून जाळून घेणं हे शहाणपण होतं का, यावर आपल्याकडे अडीचशे वर्षं भांडण चाललंय, ते आज नको.

जहाजाच्या बाजूनं अंधारात वल्ह्यांचा आवाज येतो. मग डुबुक. थोड्या वेळानं पुन्हा डुबुक.

"काय करतात ते?" तुम्ही विचारता, माहीत असून.

"पाणी मोजतत."

"मोजू द्यायचं?"

"मोजूंदेत. भिंत खय असा ता तेंका थोडाच गावताला?"

पश्चिमेला, पाण्याखाली भिंत आहे असं विजयदुर्गाचे लोक आजही सांगतात. ती बांधलेली की कातळाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. विचारायला याहून योग्य माणूस मिळणार नाही, म्हणून तुम्ही विचारता. म्हातारा तुमच्याकडे टक लावून बघतो. जहाज बाहेर उभं असताना अनोळखी माणसानं असले प्रश्न विचारू नयेत, एवढं त्या नजरेत आहे.

लॅपटॉप विझतो. तो काय होता, हे आता सांगावं लागतं. तुम्ही म्हणता, आपण कुठं आहोत ते तो सांगायचा.

"आपण हय असव," म्हातारा म्हणतो. "ता माका ठावक असा. फुडे किती पाणी असा?"

ते तुम्हाला माहीत नाही. तो पायाजवळचं दोरीचं वेटोळं तुमच्या मांडीवर टाकतो. काथ्याची दोरी, टोकाला शिसं, वावेवावेला गाठ. "घे. टाक."

तुम्ही नाळेशी जाता. सकाळी, म्हणजे शंभर वर्षांनंतर, पाहिलंय तसं झोकता. शिसं होडीला थडकतं आणि मग पाण्यात जातं. दोरी हातातून सळसळते, ढिली पडते. तळ. घाईघाईनं बोटं गाठींवरून फिरवत वर येता: एक, दोन, तीन, चार.

"चार वाव!"

"खयसून मोजलस?"

"इथून." तुम्ही छातीशी धरलेली मूठ दाखवता.

म्हातारा सुकाणूचा दांडा काखेत मारतो आणि पुढे झुकतो. "पाण्यासून मोज, तुझ्या हातासून नको. परत टाक."